किडनीचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाची फुप्फुसं: घरी आल्यापासून मोठं होईपर्यंत काय काय सांभाळायचं

किडनीचा आनुवंशिक आजार घेऊन जन्मलेल्या बाळाची फाइल वर्षभरात जाडजूड होते. क्रिएटिनिन, पोटॅशियम, रक्तदाब, सोनोग्राफी, सगळं तारीखवार लावलेलं असतं. फुप्फुसांबद्दल मात्र पहिल्या डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात आणि त्यानंतर बहुधा काहीच नसतं. बाळ व्हेंटिलेटरवरून सुटलं, ऑक्सिजन निघाला, म्हणजे छातीचा प्रश्न मिटला असं घरचे धरून चालतात, पुष्कळदा डॉक्टरही. तसं धरून चालू नये. या मुलांची फुप्फुसं जन्मानंतर कित्येक वर्षं घडत असतात आणि त्या वर्षांत आपण बरंच काही करू शकतो.

इथे मुख्य भर एआरपीकेडीवर आहे. ऑटोसोमल रिसेसिव्ह पॉलिसिस्टिक किडनी डिसीज असं त्याचं पूर्ण नाव, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होणारा, किडन्यांत पाण्याच्या गाठी (सिस्ट) करणारा आजार. साधारण वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि फुप्फुसांना सर्वांत मोठा फटका याच आजारात बसतो. इतर आनुवंशिक आजारांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

किडनीच्या आजाराचा फुप्फुसांशी संबंध काय?

गरोदरपणाच्या साधारण सोळाव्या-अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाचा बहुतांश भाग म्हणजे बाळाची लघवी असते. किडन्या काम करत नसतील तर लघवी कमी, म्हणून गर्भजल कमी. फुप्फुसांना फुलायला हेच पाणी आणि पोटातल्या बाळाच्या श्वासाच्या हालचाली लागतात. त्यात एआरपीकेडीमध्ये किडन्या इतक्या मोठ्या होतात की त्या छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा खालून वर ढकलतात आणि छातीतली जागा आणखी आक्रसते. फुप्फुसं लहान राहतात.

आता एक बारकावा, जो पुढच्या सगळ्या सल्ल्याच्या मुळाशी आहे. श्वासनलिकांच्या मुख्य फांद्या जन्माच्या कितीतरी आधी, साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत, फुटून झालेल्या असतात. त्या नंतर नव्याने फुटत नाहीत. टोकाचे वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, मात्र जन्मानंतरही तयार होत राहतात: पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने, पुढे हळूहळू. प्रौढ माणसात त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरात जाते. म्हणजे या मुलाच्या बाबतीत काही नुकसान कायमचं आहे आणि काही भरून निघण्यासारखं आहे. भरून निघणारा भाग वजन, पोषण, संसर्ग आणि धूर या चार गोष्टींवर अवलंबून असतो. चारही गोष्टी घरच्यांच्या हातात बऱ्यापैकी असतात.

पायरी १: डिस्चार्जच्या आधी छातीचं एक पान लिहून घ्या

एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) निघताना किडनीची माहिती न मागता मिळते, फुप्फुसांची मागावी लागते. एका कागदावर एवढं लिहून घ्या: व्हेंटिलेटरवर किती दिवस, ऑक्सिजन किती दिवस, छातीत हवा शिरून नळी टाकावी लागली होती का, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला होता का, शेवटच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) काय दिसलं, आणि बाळ शांत झोपलेलं असताना ऑक्सिजनची पातळी व श्वासाचा वेग किती होता. शेवटच्या एक्स-रेची प्रत जवळ ठेवा. लहान फुप्फुसं आणि वर ढकललेला पडदा असलेला एक्स-रे नव्या डॉक्टरला न्यूमोनियासारखा वाटू शकतो. जुना शेजारी ठेवला की काय नवं आणि काय जुनं हे कळतं.

हे पान मोबाइलमध्येही ठेवा आणि बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला पाठवा.

पायरी २: श्वास मोजायला शिका

याला यंत्र लागत नाही. बाळ गाढ झोपलेलं असताना अंगावरचं पांघरूण बाजूला करा आणि पोटाकडे बघा. पोट वर आलं की एक. घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. लहान बाळाचा श्वास मध्येच भरभर तर मध्येच संथ चालतो आणि गुणाकारात मोठी चूक होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची जलद श्वासाची मर्यादा आहे. फुप्फुसं लहान असलेल्या बाळाचा नेहमीचा वेगच याच्या जवळपास असू शकतो. म्हणून बाळ बरं असताना आठवड्यातून दोनदा मोजून त्याचा स्वतःचा आकडा माहीत करून घ्या. आजारपणात तुलना त्या आकड्याशी करायची.

मोजता मोजता बरगड्यांच्या खाली बघा. श्वास घेताना तिथली कातडी आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का? दूध पिताना दोन-चार घोट घेऊन बाळ धापा टाकत थांबतं का, घाम येतो का? तान्ह्या बाळाची कसरत म्हणजे दूध पिणं. दम कमी पडतोय हे पहिल्यांदा तिथेच दिसतं.

पल्स ऑक्सिमीटर घरी असेल तर पडद्यावरची नाडीची लाट एकसारखी चालू असतानाचाच आकडा खरा धरा. थंड पाय, हालचाल किंवा सैल चिकटवलेला सेन्सर आकडा बिघडवतो. सावळ्या कातडीवर ही यंत्रं कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतात, हेही लक्षात असू द्या. सहसा ९२-९३ टक्क्यांच्या वर पातळी टिकावी अशी अपेक्षा असते, पण तुमच्या मुलाची मर्यादा त्याच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आकडा चांगला आणि बाळ मात्र धडपडतंय, असं असेल तर बाळावर विश्वास ठेवा.

पायरी ३: धाप लागली म्हणजे कफच, असं समजू नका

मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते इथे. या मुलाला धाप लागली की नेब्युलायझर लावला जातो, अँटिबायोटिक सुरू होतं आणि खरं कारण एक-दोन दिवस मागे पडतं. किडनीच्या मुलात धाप लागायची कारणं बरीच आहेत आणि त्यांतली पुष्कळशी फुप्फुसांच्या बाहेरची आहेत.

अंगात पाणी साठणं हे पहिलं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी उतरतं. आडवं केलं की त्रास वाढतो, डोळ्यांभोवती सूज दिसते, लघवी कमी होते. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे वजन. रोज सकाळी, त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय, दूध पाजण्याआधी. तान्हं बाळ दिवसाला २०-३० ग्रॅमने वाढतं. एका रात्रीत दीडशे-दोनशे ग्रॅम वाढलं तर ते पाणी समजा आणि फोन करा.

दुसरं, रक्तातलं आम्ल वाढणं. बिघडलेली किडनी आम्ल बाहेर टाकू शकत नाही, मग शरीर भरभर, खोल श्वास घेऊन ते उडवायला बघतं. खोकला नाही, घरघर नाही, छाती स्वच्छ, ऑक्सिजन चांगला, तरी श्वास जलद आणि खोल. असं दिसलं की रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार, तपासायला सांगा. जुलाब-उलट्यांनंतर किंवा सोडियम बायकार्बोनेटचे डोस चुकल्यावर हे हमखास घडतं.

तिसरं, रक्त कमी होणं. किडनीच्या आजारात हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं आणि मूल जिना चढताना थांबू लागतं. एआरपीकेडीमध्ये यकृतही बाधित असतं. त्यातून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या तर हिमोग्लोबिन एकदम कोसळतं. काळी डांबरासारखी शी किंवा रक्ताची उलटी, सोबत जलद श्वास, ही तातडीची वेळ आहे.

चौथं, पोट. मोठ्या किडन्या, मोठी प्लीहा, गॅस, बद्धकोष्ठ, किंवा पेरिटोनियल डायलिसिसचं पोटात भरलेलं द्रावण. पोट तट्ट फुगलं की पडदा खाली यायला जागाच उरत नाही. शी साफ होणं हाही या मुलांच्या श्वासाचा उपचार आहे.

पाचवं थोडं दुर्मीळ, पण नेमकं हेच सुटतं. यकृताच्या आजारामुळे पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढलेल्या काही मुलांत फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. याला हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम म्हणतात. यात उलटं चित्र दिसतं: मूल आडवं असताना बरं, बसलं किंवा उभं राहिलं की ऑक्सिजन उतरतो. तपासणी घरी करता येते. झोपलेलं असताना आकडा लिहा, मग काही मिनिटं उभं किंवा बसतं ठेवून पुन्हा लिहा. ठळक फरक पडत असेल, बोटांची टोकं गोल फुगीर होत असतील, तर बुडबुड्यांचा इको (शिरेत बारीक बुडबुडे असलेलं सलाइन सोडून केलेला इको) करता येईल का हे विचारा.

ही पाचही कारणं बघून झाली की मग खरा छातीचा संसर्ग. तिथेही एक सावधगिरी: एआरपीकेडीच्या मुलाला ताप आला आणि खोकला नसेल, तर श्वास जलद आहे एवढ्यावरून न्यूमोनिया धरू नका. पित्तनलिकांचा संसर्ग या आजारात होतो, तो धोकादायक असतो आणि सुरुवातीला नुसता तापच असू शकतो.

ओठ निळे पडणं, श्वास मध्येच थांबणं, कण्हणं, बाळ मलूल होऊन दूध सोडणं, किंवा एकाएकी एका बाजूला छातीत दुखून धाप लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी वाट बघू नका.

पायरी ४: संसर्ग दाराबाहेर ठेवा

लहान फुप्फुसांच्या बाळाला आरएसव्हीसारखा साधा हिवाळी विषाणूही पुन्हा व्हेंटिलेटरवर नेऊ शकतो. त्याविरुद्ध आता निर्सेव्हिमॅब हे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन काही देशांत मिळतं. पॅलिव्हिझुमॅब हे त्याआधीचं इंजेक्शन जिथे अजून मिळतं तिथे ते हंगामात दर महिन्याला द्यावं लागतं. आपल्या बाळाला यातलं काय देता येईल हे साथीचा हंगाम सुरू होण्याआधी विचारायचं, सुरू झाल्यावर नाही.

फ्लूची लस सहा महिने पूर्ण झाल्यापासून दर वर्षी. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. न्यूमोकोकलच्या (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धच्या लसीच्या) नेहमीच्या डोसांखेरीज दोन वर्षांनंतर वाढीव संरक्षणाचा डोस किडनीच्या मुलांना देतात, आणि प्लीहा मोठी असेल तर त्याचं महत्त्व आणखी वाढतं. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लसी किडनी किंवा यकृताच्या प्रत्यारोपणानंतर सहसा देता येत नाहीत, त्यामुळे त्या आधीच, निदान चार आठवडे आधी, पूर्ण करायच्या. लसीकरण लांबणीवर पडायचं नेहमीचं कारण म्हणजे ‘सध्या तब्येत नाजूक आहे, नंतर बघू’. किरकोळ सर्दीसाठी लस थांबवू नका.

घरातल्या मोठ्यांनी फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस घ्यावी. सर्दी झालेल्या माणसाने बाळाला उचलू नये, मग तो कितीही जवळचा असो. इथे भीड बाळगायची नाही. आणि धूर कुठलाच नको. गॅलरीत जाऊन ओढलेल्या सिगारेटचे कणही कपड्यांवरून बाळापर्यंत येतात.

पायरी ५: वजन वाढवा, उलटी गंभीरपणे घ्या

वायुकोश वाढायला उष्मांक आणि प्रथिनं लागतात. पण मोठ्या किडन्यांनी जठर दाबलेलं असतं, युरियामुळे भूक मेलेली असते आणि श्वासालाच बरीच ताकद खर्च होते. तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून नळी घालून दूध देणं हा पराभव नाही. त्याने फुप्फुसं वाढतात. पोटातून थेट नळी बसवायचा विषय निघाला तर यकृताच्या डॉक्टरांचं मत आधी घ्या, कारण पोर्टल दाब वाढलेला असेल तर त्या भागातल्या शिरा फुगलेल्या असू शकतात.

वारंवार होणाऱ्या उलटीचे बारीक थेंब श्वासनलिकेत जातात. रात्रीचा खोकला, दूध पिताना ठसका, पिऊन झाल्यावर ओला घरघरता आवाज, पुन्हा पुन्हा त्याच बाजूचा न्यूमोनिया, हे सगळं त्याकडे बोट दाखवतं. थोडं थोडं पाजणं, पाजल्यावर अर्धा तास उभं धरणं, नळीतून पंपाने सावकाश देणं याने फरक पडतो. मीठ आणि पाणी मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका. काही किडन्या मीठ धरून ठेवतात, काही वाया घालवतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या बाळाचं मीठ तोडलं तर त्याची वाढच थांबते.

पायरी ६: औषधांची यादी छातीच्या नजरेने वाचा

रक्तदाबासाठी एनालाप्रिलसारखं औषध चालू असेल आणि कोरडा, घशात खवखवणारा खोकला आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर तो औषधाचा असू शकतो. पर्याय असतो. पण डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवू नका, रक्तदाब उसळतो. रक्तदाब किंवा पोर्टल दाब कमी करायला दिलं जाणारं प्रोप्रानोलोल काही मुलांत श्वासनलिका आकसवतं, म्हणून घरघर होणाऱ्या मुलाला ते देण्याआधी हे बोलून घ्यावं. लघवीच्या संसर्गासाठी महिनोन्‌महिने नायट्रोफ्युरँटॉइन दिलं तर क्वचित फुप्फुसांना इजा होते. किडनीचं काम बरंच घटलेलं असेल तर ते द्यायचंच नसतं. सर्दीच्या दुकानी सिरपांतली नाक मोकळं करणारी औषधं रक्तदाब चढवतात, त्यापेक्षा नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब बरे. तापाला आयबुप्रोफेन नको. पॅरासिटॅमॉल, तेही यकृत लक्षात घेऊन ठरवलेल्या मात्रेत.

साल्ब्युटामॉल, म्हणजे नेब्युलायझरमधलं श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध, पुन्हा पुन्हा दिल्याने पोटॅशियम उतरतं. घरघर असेल तेव्हा ते जरूर द्या, पण फायदा होतोय का हे बघा. लहान फुप्फुसांमुळे होणारी धाप त्याने कमी होत नाही.

पायरी ७: तपासण्या ठरवून घ्या

पहिल्या दोन वर्षांत दर भेटीत वजन, उंची, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन. घरी ऑक्सिजन चालू असेल तर तो काढण्याआधी रात्रभराची नोंद हवी. दवाखान्यातली दोन मिनिटांची जागेपणीची तपासणी पुरेशी नाही, कारण पातळी घसरते ती झोपेत आणि दूध पिताना. जन्मानंतर फुप्फुसांचा दाब वाढलेला असेल तर इको ठरावीक अंतराने व्हावा.

तीन-चार वर्षांच्या मुलाला नुसतं शांत श्वास घ्यायला लावून ऑसिलोमेट्री (श्वासनलिकांतला अडथळा मोजणारी चाचणी) करता येते, जिथे ती सोय आहे तिथे. पाच-सहा वर्षांचं मूल स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची चाचणी, करू शकतं. पहिल्या खेपेला जमलं नाही तर सोडून देऊ नका, सरावाने जमतं. पुढे वर्षातून एकदा करा, आणि एका आकड्यापेक्षा दर वर्षीची रेघ कशी चाललीय ते बघा. जास्त काळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या मुलांत श्वासनलिका अरुंद झाल्याचं चित्र दिसू शकतं. लहान फुप्फुसांच्या मुलांत एकूण क्षमता कमी. दोन्ही एकत्रही असतात. पाठीचा कणा वाकतोय का हेही वाढीच्या वर्षांत तपासायला सांगा.

डायलिसिस आणि प्रत्यारोपणाच्या वेळी

पेरिटोनियल डायलिसिस (पोटात द्रावण भरून रक्त शुद्ध करणं) सुरू झाल्यावर द्रावण भरलं की धाप आणि काढलं की बरं, असं होत असेल तर भरायचं प्रमाण कमी करता येतं. एकाएकी धाप लागली आणि सहसा उजव्या बाजूला श्वासाचा आवाज कमी झाला, तर द्रावण पडद्यातून छातीत शिरलं असू शकतं. लगेच काढा आणि कळवा. कधी कधी मोठी किडनी काढल्याने छातीला जागा मिळते. पण तो निर्णय किडनी, फुप्फुस आणि यकृत या तिघांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून घ्यायचा आहे.

प्रत्यारोपणाआधी भूलतज्ज्ञाच्या हातात ते छातीचं पान द्या. नंतरच्या महिन्यांत न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (प्रतिकारशक्ती कमी असताना होणारा बुरशीचा न्यूमोनिया) टाळायला बहुधा को-ट्रायमॉक्सॅझोल देतात, तो डोस चुकवू नका. क्षयाची तपासणी आधीच झालेली असावी. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सिरोलिमस चालू असताना खोकला-धाप टिकून राहिली तर औषधामुळे आलेली फुप्फुसांची सूजही विचारात घ्यायला सांगा.

एआरपीकेडी नसेल तर

प्रबळ वारशाने येणाऱ्या पॉलिसिस्टिक आजारात, म्हणजे एडीपीकेडीत, मुलांची फुप्फुसं सहसा ठीक असतात. ज्यून सिंड्रोम या हाडांच्या आनुवंशिक आजारात छातीचा पिंजराच अरुंद असतो आणि किडनी पुढे बिघडते. तिथे फुप्फुसतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून हवा. सिस्टिनोसिसमध्ये (पेशींत सिस्टिन हा पदार्थ साठण्याच्या आजारात) वय वाढल्यावर श्वासाचे स्नायू कमजोर होतात, त्याला सिस्टिअमिन हे औषध नियमित घेणं हाच आडकाठी घालण्याचा मार्ग आहे. ट्यूबरस स्क्लेरोसिस (अनेक अवयवांत गाठी करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलींना प्रौढ वयात फुप्फुसांत सिस्ट होऊ शकतात, त्यासाठी पुढे सीटी स्कॅन लागतो. अल्पोर्ट सिंड्रोम या किडनी आणि कानांच्या आनुवंशिक आजाराच्या एका अगदी दुर्मीळ प्रकारात अन्ननलिका व श्वासनलिकेभोवती स्नायूंच्या गाठी वाढतात. गिळायला त्रास आणि सततचा खोकला एकत्र असेल तर डॉक्टरांना याची आठवण करून द्या.

शाळा, खेळ, प्रवास

खेळू द्या. धावणं, सायकल, नाच, सगळं. मूल स्वतःहून थांबतं तेव्हा थांबू द्या, पण आधीच ‘तुला दम लागेल’ म्हणून बसवून ठेवू नका; न वापरलेल्या स्नायूंमुळे दम आणखी लवकर लागतो. मोठी प्लीहा किंवा मोठ्या किडन्या असतील तर पोटावर मार बसणारे खेळ मात्र टाळा. शिक्षकांना दोनच गोष्टी सांगा: पाणी प्यायला आणि लघवीला कधीही जाऊ द्यायचं, आणि ओठ निळसर दिसले की पालकांना फोन करायच्या आधी रुग्णवाहिका.

विमानात केबिनचा दाब साधारण २४०० मीटर उंचीवर असल्यासारखा असतो, म्हणजे श्वासाला मिळणारा ऑक्सिजन जमिनीवरच्या १५ टक्के हवेइतका. घरी ऑक्सिजन लागणाऱ्या किंवा अलीकडेच तो बंद झालेल्या मुलाची प्रवासाआधी याच टक्क्याच्या हवेवर चाचणी करून घेता येते. डोंगराळ ठिकाणी राहायला जाण्याआधीही हाच विचार करा.

बारा-तेरा वर्षांचं झाल्यावर छातीच्या भेटीत डॉक्टरांशी मुलाला स्वतः बोलू द्या. लहानपणी फुप्फुसं लहान होती म्हणजे काय, आपल्याला सिगारेट आणि व्हेप इतरांपेक्षा जास्त का बाधेल, स्पायरोमेट्रीचा गेल्या वर्षीचा आकडा किती होता, हे त्याला तोंडपाठ हवं. प्रौढांच्या विभागात बदली होताना किडनीची फाइल आपोआप पुढे जाते. फुप्फुसांची जात नाही. ती त्याच्या हातात द्या आणि पहिल्या भेटीची तारीख जुन्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.